रोजच्या वापरासाठी सिट्रोएन सीएक्स घ्यावी का?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

१९८० च्या दशकातील एक सिट्रोएन सीएक्स ही फ्रेंच गाडी विकत घेण्याचा माझा विचार आता बराच पक्का होत आला आहे. हौस म्हणून झाकून ठेवण्यासाठी मला ती नको आहे. कामावर जाणे-येणे, मुलांना शाळेत सोडणे आणि आठवड्याचा बाजार या सगळ्यासाठी घरातील मुख्य गाडी म्हणूनच ती वापरण्याची इच्छा आहे. ज्यांना विचारले त्या जवळपास प्रत्येकाने मला तिच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेची भीती घातली. ‘ही गाडी एकदा खाली बसली की उठत नाही’, असेच सगळ्यांचे म्हणणे दिसते. काका अनेक वर्षे रोज सीएक्स चालवतात हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. इतरांनीही आपले मत जरूर कळवावे.

आपला नम्र,
एक नवा सभासद

———

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचून मनापासून आनंद झाला. जरूर घ्या, असेच मी सांगेन. मात्र लोक तुम्हाला ज्या गोष्टीची भीती घालत आहेत ती भीती बव्हंशी निराधार आहे, आणि ज्यांची खरी धास्ती बाळगायला हवी त्या दोन गोष्टींबद्दल तुम्हाला कोणी काही सांगितलेले दिसत नाही. एक म्हणजे गंज आणि दुसरी म्हणजे गाडी महिनोन्‌महिने न चालवता उभी ठेवणे. तुम्ही ती रोज चालवणार असाल, तर यातील दुसरे संकट आपोआपच टळते.

पॉल माजेस यांनी सिट्रोएनमध्ये विकसित केलेले हे हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन १९५४ साली कंपनीच्या ट्रॅक्शन अवाँ या मॉडेलच्या सहा सिलिंडरच्या गाडीला केवळ मागच्या बाजूस बसवले गेले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या डीएस या गाडीमध्ये ते चारही चाकांना आले. १९७४ साली सीएक्स बाजारात आली तेव्हा कंपनीच्या गाठीशी या यंत्रणेचा वीस वर्षांचा अनुभव होता. म्हणूनच तिला ‘प्रयोग’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तिचे काम समजून घेतले की निम्मी भीती जाते. प्रत्येक चाकापाशी पोलादी स्प्रिंगऐवजी एक पोलादी गोळा असतो, ज्याला आपण स्फिअर म्हणतो. त्याच्या आत एक लवचीक पडदा असून पडद्याच्या एका बाजूला दाबाखालचा नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला एलएचएम नावाचे हिरवे खनिज तेल असते. इंजिनावर चालणारा पंप हे तेल दाबाखाली ठेवतो आणि रेग्युलेटर तो दाब साधारण १४५ ते १७० बारच्या दरम्यान राखतो. चाक खड्ड्यात गेले किंवा उंचवट्यावर चढले की दाबला जातो तो नायट्रोजन. सामान भरल्यामुळे किंवा मागे माणसे बसल्यामुळे गाडी दबली, तर आणखी तेल आत येऊन ती पुन्हा ठरलेल्या उंचीवर येते.

सकाळी इंजिन सुरू केल्यावर गाडीची मागची बाजू आधी वर येते आणि मग पुढची. याच वेळी बॉनेटखालून रेग्युलेटरचा ‘टक्’ असा आवाज येतो, तो लक्षपूर्वक ऐकण्याची सवय लावून घ्या, कारण यंत्रणेची प्रकृती त्यातूनच कळते. गाडी पूर्ण उंचीवर आल्यानंतर, ब्रेक किंवा स्टिअरिंगला हात-पाय न लावता, अशा दोन आवाजांमध्ये अर्धा मिनिट किंवा त्याहून अधिक अंतर राहत असेल, तर चिंतेचे कारण नाही. तोच आवाज दर दोन-तीन सेकंदांनी येऊ लागला, तर बहुतेक वेळा मुख्य ॲक्युम्युलेटरच्या, म्हणजे दाब साठवून ठेवणाऱ्या गोळ्यातील नायट्रोजन निघून गेलेला असतो. सस्पेन्शनच्या गोळ्यांतूनही नायट्रोजन पडद्यावाटे हळूहळू झिरपत राहतो आणि गाडी दिवसेंदिवस कडक होत जाते. बदल इतका सावकाश होतो की रोज चालवणाऱ्याला तो जाणवतच नाही. म्हणून वर्षातून एकदा गाडी उभी असताना तिचा प्रत्येक कोपरा हाताने दाबून पाहावा. तो सहज खाली जाऊन वर आला पाहिजे.

गोळा बदलणे म्हणजे फार मोठे काम नाही. यंत्रणेतील दाब आधी पूर्णपणे उतरवायचा, जुना गोळा पट्ट्याच्या पान्याने सैल करून आटे उलगडत काढायचा, नवे रबरी सील तेल लावून बसवायचे आणि नवा गोळा हाताने घट्ट आवळायचा. ऑइल फिल्टर बदलता येणाऱ्या कोणालाही हे जमते. मात्र खाली आधार लावल्याशिवाय या गाडीखाली कधीही जाऊ नये, कारण दाब उतरला की ती पूर्णपणे खाली बसते. हा नियम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

तेलाच्या बाबतीत तितकीच दक्षता हवी. या यंत्रणेत फक्त एलएचएमच घालावे. सर्वसाधारण गाड्यांचे ब्रेकचे तेल चुकूनही घातले गेले, तर आतील सगळी रबरी सील फुगतात आणि खराब होतात. मग मात्र तुम्हाला ज्याची भीती घातली गेली तो मोठा खर्च खरोखरच येतो. अनोळखी गॅरेजमध्ये गाडी देताना या तेलाच्या टाकीवर ठळक अक्षरांत तशी सूचना लिहून ठेवलेली बरी. तेलाची पातळी इंजिन चालू ठेवून आणि गाडी सर्वांत उंच स्थितीत नेऊन पाहायची असते. तेल बदलताना टाकीतील गाळण्याही धुऊन घ्याव्यात.

आता गंजाविषयी. सीएक्सची बॉडी एका वेगळ्या चौकटीवर रबरी आधारांच्या साहाय्याने बसवलेली आहे. त्यामुळे रस्त्याचा आवाज फारसा आत येत नाही, पण गंज शोधायचा तर बॉडी आणि चौकट दोन्ही तपासाव्या लागतात. दारांच्या खालच्या कडा, मागच्या चाकांभोवतीचा पत्रा आणि मागे जाणाऱ्या हायड्रॉलिक तेलाच्या पोलादी नळ्या नीट पाहा. नळीवर वरवरचा तांबूस थर असेल तर ती साफ करून वाचवता येते, पण खवले पडले असतील तर ती बदललीच पाहिजे. इंजिनाचे भाग मिळवणे तुलनेने सोपे आहे. सडलेली चौकट दुरुस्त करणे मात्र फार वेळखाऊ आणि खर्चिक काम आहे.

चालवण्याच्या काही सवयी बदलाव्या लागतील. डिरावी नावाचे पॉवर स्टिअरिंग असलेली गाडी घेतलीत, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंगचे चाक केवळ अडीच वेळा फिरते, वेग वाढेल तसे जड होते आणि सोडले की गाडी उभी असतानाही स्वतःहून मध्यावर येते. पहिल्या दिवशी प्रत्येकजण गरजेपेक्षा जास्त वळवतो. दोन बोटांनी हलके धरायला शिकलात की दुसऱ्या कोणत्याही गाडीचे स्टिअरिंग तुम्हाला ढिले वाटेल. ब्रेकचे पेडलही अगदी थोडे दाबायचे असते. पुढचा बंपर फुटपाथच्या कडेवर येईल अशा रीतीने गाडी लावू नये, कारण रात्रीतून ती खाली बसते आणि बंपर कडेवर टेकतो.

आणि मुलांना शाळेत सोडायचे आहे असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून मुद्दाम सांगतो: मागच्या आसनावर मुले झोपी जावीत असा या गाडीचा प्रवास असतो.

कळावे, लोभ असावा.

———

काकांना आणि सर्वांना नमस्कार.

काकांनी लिहिलेले सगळे मी आवडीने वाचले, परंतु मुलांचा उल्लेख झाल्यामुळे दोन शंका मांडल्याशिवाय राहवत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन ही तिन्ही कामे एकाच दाबावर चालत असतील, तर भर रस्त्यात एखादी नळी फुटल्यावर ती तिन्ही एकदम बंद पडणार नाहीत का? दुसरे असे की, एअरबॅग नसलेल्या गाडीत रोज मुलांना नेणे कितपत योग्य आहे? गाडी कितीही सुंदर असली तरी हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपली,
एक सभासद

———

ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमचा पहिला प्रश्न ही यंत्रणा तयार करणाऱ्यांनीही गंभीरपणे घेतलेला होता. दाब कमी होऊ लागला की एक सुरक्षा झडप सस्पेन्शनचा तेलपुरवठा आधी तोडते आणि उरलेला दाब ब्रेकसाठी राखून ठेवते. इंजिन बंद पडले तरी ॲक्युम्युलेटरमध्ये साठलेल्या दाबावर काही वेळा ब्रेक लावता येतात. स्टिअरिंगची यांत्रिक जोडणी कायम असते, त्यामुळे दाब गेल्यावर ते जड झाले तरी चाके वळतात. शिवाय दाब कमी झाल्याचा लाल दिवा लागतो. तो दिसताच गाडी बाजूला घेऊन थांबावे, ‘घरापर्यंत जाऊ’ असा विचार करू नये. मागच्या ब्रेकना मागच्या सस्पेन्शनमधील दाब मिळतो, त्यामुळे मागे वजन जास्त असेल तेव्हा मागचे ब्रेक त्या प्रमाणात जास्त जोर लावतात. मुले आणि सामान घेऊन जाणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी कोणताही युक्तिवाद करणार नाही. सीएक्सला एअरबॅग कधीच नव्हत्या आणि अपघातातील संरक्षणात ती आजच्या गाडीची बरोबरी करू शकत नाही. मुलांची आसने पट्ट्यांनी नीट बांधता येतात का, मागे तीन बिंदूंचे पट्टे आहेत का, हे गाडी ठरवण्याआधीच तपासावे. वेगवान महामार्गावरील लांबचा प्रवास मुलांसह नेहमी करायचा असेल, तर त्यासाठी घरात दुसरी, नवी गाडी असावी असेच माझेही मत आहे. कामावर जाण्यासाठी आणि शहरातील फेऱ्यांसाठी सीएक्स, अशी वाटणी केली तरी ती रोज चालेल आणि निरोगी राहील.

आता मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदांसाठी एक अखेरची सूचना. गाडी पाहायला जाण्याआधी विक्रेत्याला इंजिन सुरू करून ठेवू नका असे सांगा. थंड गाडी तुमच्यासमोर सुरू होऊ द्या, ती किती वेळात उठते ते पाहा, गाडीची उंची बदलण्याचा दांडा प्रत्येक स्थितीत नेऊन परत आणा आणि मग तिच्याखाली कुठे हिरवे तेल ठिबकते का ते कागद पसरून तपासा. दिवस ठरला की मला कळवा. मी टॉर्च आणि चौकट ठोकून पाहण्यासाठी लहान हातोडी घेऊन तुमच्यासोबत येईन.

कळावे,
आपला स्नेहांकित