क्वार्टरमास्टर म्हणजे कारखानीस का?

दुभाषी

मंडळी, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या अमेरिकी सैन्याच्या कारभारावरचा एक मोठा लेख मराठीत आणतोय. लढाया पटापट उरकल्या, पुरवठ्यापाशी येऊन गाडी रुतली. क्वार्टरमास्टर जनरल, कॉन्ट्रॅक्टर, पर्व्हेयर ऑफ पब्लिक सप्लाइज, सेक्रेटरी ॲट वॉर. परिभाषा कोशातले शब्द घातले की वाक्याचा जीआर होतो. म्हणून पहिल्या खर्ड्यात क्वार्टरमास्टरला 'कारखानीस' केलं आणि कॉन्ट्रॅक्टरला 'मक्तेदार'. बायकोने वाचून विचारलं, "हे फिलाडेल्फियात घडतंय की रायगडावर?"

थोडी पार्श्वभूमी देतो. २ जून १७८४ ला काँग्रेसने उरलंसुरलं सैन्य मोडलं. ८० शिपाई तेवढे ठेवले, २५ फोर्ट पिटला आणि ५५ वेस्ट पॉइंट वगैरे ठिकाणी. कॅप्टनच्या वरचा एकही अधिकारी नाही. काम एकच, कोठारांची राखण. सैन्य गेलं, सामान राहिलं! दुसऱ्याच दिवशी चार राज्यांकडे ७०० माणसं मागायची वेळ आली.

मोडीवेडा

कारखानीस लिहायचा मोह मलाही झाला असता, पण चुकेल. गडावर सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि सामानसुमान. तुमच्या १७९१ च्या फौजेत धान्य क्वार्टरमास्टरकडे नव्हतंच. शिधा पुरवायचा कंत्राटदाराने. क्वार्टरमास्टरकडे तंबू, घोडे, वैरण, होड्या, अवजारं आणि हे सगळं पुढे हलवणं. कारखानीस म्हटलं की जाणकार वाचक कणगी शोधणार, आणि अजाण वाचकाला ते आडनाव वाटणार.

'क्वार्टर' म्हणजे इथे मुक्कामाची जागा. पोलीस क्वार्टर्समधला. दुसरा क्वार्टर कुठे मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

हवालदाराची लेक

माझे वडील कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते. आमच्या सातारच्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत, पण या शब्दाचं भाषांतर कुणी केलेलं मी ऐकलं नाही. आई शेजारणींना सांगायची, "आमचं हे क्वार्टरमास्तर झालं." शाळेतल्या मास्तरांचा मान त्यात आपोआप यायचा. हत्यारांच्या खोलीला वडील 'कोत' म्हणायचे आणि स्वयंपाकघराला 'लंगर'. शब्द रुळलेला असताना दुभाषीभाऊ कशाला शोधताय? क्वार्टरमास्टर ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात काम सांगा.

दुभाषी

ताई, पटलं. कारखानीस निवृत्त. मक्तेदाराचं काय?

मोडीवेडा

मक्ता मुळात उत्पन्नाचा. जकातीचा मक्ता घ्यायचा म्हणजे सरकारला ठरीव रक्कम द्यायची आणि वसुली आपली. पैसा मक्तेदाराकडून सरकारकडे जातो. इथे उलटं आहे, सरकार पैसे देणार आणि माणूस माल देणार. त्याला 'कंत्राट'च. तो शब्दही पोर्तुगिजांकडून मराठीत येऊन इतका मुरलाय की उपरा वाटत नाही. ठेकेदारही चालेल, पण त्याला आता रस्त्याच्या डांबराचा वास येतो.

सिनसिनाटीकर

कंत्राटदारच लिहा, कारण त्या शब्दाभोवतीचा संशयही इथे शोभतो. मी राहतो त्या गावाच्या आजच्या मध्यवस्तीत फोर्ट वॉशिंग्टन होता. जनरल सेंट क्लेअरची १७९१ ची मूळनिवासी जमातींवरची मोहीम तिथूनच उत्तरेला निघाली. शिध्याचं कंत्राट मूळ थिओडोसियस फाउलरच्या नावावर होतं, ते विल्यम ड्युअरने स्वतःकडे घेतलं. ड्युअर काही महिने आधीच हॅमिल्टनच्या अर्थखात्यातून बाहेर पडला होता. त्याने सरकारकडून आगाऊ पैसे उचलले आणि ते आपल्या सट्ट्यात फिरवले. त्यावर कळस म्हणजे युद्धखातं सांभाळणारा हेन्री नॉक्स आणि हा ड्युअर मेन प्रांतातल्या जमिनीच्या व्यवहारात भागीदार!

क्वार्टरमास्टर सॅम्युअल हॉजडन महिनोन् महिने पूर्वेलाच रेंगाळला. कुऱ्हाडी आल्या त्या मऊ लोखंडाच्या, झाड सोडाच, स्वतःच वाकायच्या. फिलाडेल्फियात करवून आणलेली खोगिरं घोड्यांना मोठी झाली. सहा महिन्यांच्या बोलीवर भरलेल्या शिपायांची मुदत वाटेतच संपत होती. म्हणजे घोड्यांवर आणि पलटणीत दोन्हीकडे खोगीरभरती.

३१ ऑक्टोबरला मिलिशियातले, म्हणजे हंगामी नागरी फौजेतले, साठेक लोक पळाले. मागून येणारी रसद ते लुटतील या भीतीने सेंट क्लेअरने आपली सगळ्यात कसलेली पलटण, फर्स्ट रेजिमेंट, मागे धाडली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे मियामी, शॉनी आणि त्यांच्या मित्र जमातींनी छावणी घेरली, तेव्हा ती पलटण तिथे नव्हती. सुमारे १४०० जणांपैकी सहाशेहून जास्त मेले. कोणता शब्द कुठे वापरायचा ते इथे कळतं. 'रसद' म्हणजे वाटेवर असलेला माल, 'शिधा' म्हणजे हातात पडलेला. सेंट क्लेअर रसद वाचवायला गेला, कारण शिधा मिळत नव्हता.

जुना कारकून

फाउलरचं नाव आणि ड्युअरचा कारभार, मग सरळ 'बेनामी' म्हणा की.

सिनसिनाटीकर

नाही काका, कंत्राट रीतसर ड्युअरच्या नावे करून दिल्याचा कागद झाला होता. बेनामीत कागदच नसतो. 'कंत्राट स्वतःच्या नावावर करून घेतलं' इतकं पुरे. १७९२ साली प्रतिनिधीगृहाने चौकशी समिती नेमली, तिथल्या काँग्रेसने सरकारी कारभाराची केलेली पहिलीच चौकशी. समितीने सेंट क्लेअरला मोकळं केलं आणि ठपका ठेवला क्वार्टरमास्टर व कंत्राटदार यांच्या कामावर. ड्युअर तोवर कर्जापायी तुरुंगात पोचलाही होता.

हवालदाराची लेक

'रेशन'ला शिधा म्हणालात. बरोबर, पण अर्धंच. वडिलांच्या तोंडी रेशन म्हणजे मोजमाप होतं, "इतक्या जणांचं रेशन उचललं."

दुभाषी

अगदी तेच इथे आहे. १७९० च्या कायद्यात एक रेशन म्हणजे एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचं मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, आणि अर्धा जिल रम, ब्रँडी किंवा व्हिस्की. अर्धा जिल म्हणजे साधारण ६० मिली, म्हणजे मोडीवेड्यांचा क्वार्टर तीन दिवस पुरेल. मीठ, व्हिनेगर, साबण, मेणबत्त्या मात्र शंभर रेशनांमागे ठरलेल्या. कंत्राटदाराला पैसे मिळायचे ते दर रेशनमागे. शिपायाला एक रेशन आणि अधिकाऱ्याला हुद्द्याप्रमाणे अनेक, नाहीतर त्याबदली रोकड. कॅप्टन काही तीन पौंड मांस खात नसणार! म्हणून शिपायासाठी 'शिधा', दरासाठी 'शिध्यामागे', अधिकाऱ्यासाठी 'शिध्याचा भत्ता' असं वेगवेगळं लिहीन.

आता 'रिक्विझिशन'. काँग्रेस राज्यांकडे पैसे मागायची तो शब्द. 'मागणी' फार मऊ वाटतो.

मोडीवेडा

मऊच हवा. १७८९ आधी काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता. ती पट्टी नव्हती, वर्गणी होती. आकडा ठरवून पावती पुस्तक दारात न्यायचं, आणि घरमालक म्हणणार, पुढच्या आठवड्यात बघू. एकदा 'वर्गणी' लिहा, मराठी वाचकाला १७८६ ची तिजोरी लगेच दिसेल.

जुना कारकून

मॅगझिन आणि आर्सेनल कुणी विचारले नाहीत, तरी सांगतो. दोन्ही अरबीतून युरोपात गेलेले. मॅगझिन हा मखझन, आपल्या खजिन्याचा सख्खा भाऊ. आर्सेनलच्या मुळाशी आहे दार-अस-सिनाआ, वस्तू घडवायचं घर. स्प्रिंगफील्डला आधी नुसती साठवण होती, बंदुका घडू लागल्या १७९५ पासून. साठवण होती तोवर 'शस्त्रकोठार', घडवू लागले तिथून 'शस्त्रांचा कारखाना' लिहा. बिचाऱ्या कारखानिसाची तेवढीच सोय.

दुभाषी

काका, घेतलं. सेक्रेटरी ॲट वॉरला 'युद्धमंत्री' केलंय.

जुना कारकून

कधीचा? १७८५ मध्ये नॉक्स काँग्रेसने नेमलेला अधिकारी होता. मी मंत्रालयात तीस वर्षं काढलीत, असा माणूस 'सचिव'. ऑगस्ट १७८९ च्या कायद्याने खातं राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली आलं आणि तो वॉशिंग्टनच्या मंत्रिमंडळात बसला, तेव्हापासून 'मंत्री'. वाचक अडखळेल म्हणत असाल तर लिहा की बढती झाली.

दुभाषी

शेवटचे दोन. १७९२ च्या मे महिन्यात खरेदी अर्थखात्याकडे गेली आणि १७९५ मध्ये तिथे पर्व्हेयर ऑफ पब्लिक सप्लाइज हे पद निघालं, पहिला टेंच फ्रान्सिस. या पर्व्हेयरच्या मुळाशी लॅटिनमधलं 'आधी पाहणं' आहे, म्हणजे आपली बेगमी. 'बेगमीदार' कसा वाटतो?

हवालदाराची लेक

पापड-कुरडया विकणारा वाटतो. 'सरकारी खरेदी अधिकारी' लिहा.

दुभाषी

बरं. आणि १८०२ च्या कपातीत क्वार्टरमास्टरचं खातंच काढून टाकलं, जागी तीन 'मिलिटरी एजंट' आणि त्यांचे मदतनीस. एजंट म्हटलं की विमा आठवतो.

मोडीवेडा

'लष्करी गुमास्ते'. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार पाहणारा, अंगावर गणवेश नसलेला. आणि हो, त्या फिलाडेल्फियाच्या खोगिरांचं 'पालाण' करा. खोगीर स्वाराचं. माल लादायच्या जनावरावर पालाण असतं.

सिनसिनाटीकर

मग माझी खोगीरभरती गेली!

मोडीवेडा

शिपायांपुरती ठेवा.