स्कायरिमचं अर्धवट युद्ध, आणि गेममधून कापलेल्या गोष्टी

गढीवरचा दिवा (धागाकर्ता)

परवा रविवारी बऱ्याच वर्षांनी स्कायरिम हा फँटसी गेम लावला. होस्टेलवर असताना पन्नासेक तास खेळून सोडला होता, त्यातल्या गृहयुद्धाला (साम्राज्य विरुद्ध बंडखोर) हातच लावला नव्हता. या खेपेला साम्राज्याच्या बाजूने भरती झालो.

व्हाइटरनचा वेढा झकास. तटावरून आगीचे गोळे येतायत, अडसर तुटतायत, आपण पुलापाशी धावतोय. म्हटलं पहिलंच शहर असं, तर पुढे काय असेल! पुढे काही नाही. रिफ्टन घ्यायचं म्हणजे रिफ्टनला जायचंच नाही. ग्रीनवॉल नावाच्या किल्ल्याबाहेर आमची मूठभर माणसं, आत त्यांची मूठभर, आणि पडद्यावर शत्रूच्या कुमकेची टक्केवारी. एक मारला की दुसरा उगवतो, आकडा खाली सरकतो. शून्यावर आला, जिंकलो. मग शहरात गेलो तर गादीवर मेव्हन ब्लॅक-ब्रायर बसलेली. आधीची यार्ल, म्हणजे तिथली सत्ताधीश, लायला विंडहेल्मला निर्वासित. वेशीवरच्या पहारेकऱ्यांचे कपडे बदललेले. बाजारात ब्रँड-शेई कालच्याच जागी कालचाच माल विकतोय. राज्य उलथलं आणि कुणाची भाजीची टोपलीसुद्धा सांडली नाही!

नऊ होल्डांचा, म्हणजे नऊ सुभ्यांचा, मुलूख. एका बाजूने खेळलात तर खराखुरा वेढा दोनच शहरांना: व्हाइटरन आणि शेवटी समोरच्याची राजधानी. बाकी सगळं किल्ल्यांवर भागवलंय. मोठा बेत होता हे उघड आहे. २०१२ च्या फेब्रुवारीत बेथेस्डा या गेमच्या कंपनीने क्रिएशन किट हे गेम बदलायचं साधन दिलं, तेव्हा मॉडवाल्यांना (गेममध्ये स्वतःचे बदल करणाऱ्या हौशी मंडळींना) आत इतर शहरांच्या लढायांचे अवशेष सापडले. विंडहेल्मच्या पोटात झुंजींचा आखाडासुद्धा अर्धवट बांधून पडलाय.

माझं म्हणणं असं: वेळ नव्हता म्हणून कापलं, समजू शकतो. ११-११-११ ही गेम बाजारात आणायची तारीख आधीच्या डिसेंबरातच जाहीर करून बसले होते, ती हलणार कशी? पण तोच गेम २०१६ मध्ये स्पेशल एडिशन म्हणून विकला, २०२१ मध्ये अॅनिव्हर्सरी एडिशन म्हणून पुन्हा विकला. युद्ध तसंच. नवीन रंग, नवीन मासेमारी, आणि ग्रीनवॉलला तेच टक्के. हे कापलेलं परत आणणं कंपनीचं कर्तव्य आहे की नाही?

नाचणीसत्व

कर्तव्य वगैरे नाही हो. तुम्ही एक पूर्ण गेम विकत घेतला, त्यांच्या वहीतला आराखडा नाही.

आणि वेळेपेक्षा मोठी अडचण मेमरीची होती. प्लेस्टेशन ३ मध्ये २५६ एमबी मुख्य आणि २५६ एमबी चित्रांची, दोन वेगळ्या कप्प्यांत. एक्सबॉक्स ३६० मध्ये मिळून ५१२. आज व्हॉट्सअॅप उघडलं तरी फोन त्याहून जास्त खातो. त्यात शहर, त्यातली माणसं, त्यांचे दिनक्रम आणि वर दोन सैन्यं? प्लेस्टेशन ३ वर तर सेव्ह फाइल मोठी झाली की साधं रस्त्याने चालताना गेम गचके खायचा. मी भोगलंय. तुम्हाला जे मूठभर सैनिक दिसले ना, त्यामागे हा हिशोब आहे.

गढीवरचा दिवा

२०११ पुरता मान्य. २०१६ च्या यंत्रांना हे कारण लागू होतं का? तेव्हा तर प्लेस्टेशन ४ होता.

नाचणीसत्व

तेव्हा कारण दुसरं. पाच वर्षांत ती टीम दुसऱ्या कामाला लागलेली असते. जुन्या घराला रंग काढणं वेगळं आणि पाया उकरणं वेगळं.

सातवी ब

नुसता वाद घालू नका, गृहयुद्ध दुरुस्त करणारे मॉड आहेत ते लावा. मी लावला होता. वेढे पडतात. गेमही पडतो.

पोफळी

असहमत, पण वेगळ्या कारणासाठी. कापलेलं ते चांगलंच होतं असं सगळे धरून का चाललेत?

एल्डन रिंग या गेममधला केले आठवा. सुरुवातीलाच, चर्च ऑफ एलेच्या पडक्या भिंतींत शेकोटीपाशी बसलेला फिरता व्यापारी. आपण त्याच्याकडून दोन वस्तू घेतो आणि विसरतो. गेम २०२२ च्या फेब्रुवारीत आला. त्यानंतर डेटामाइनरने (गेमच्या फाइली उकरणाऱ्याने) त्यांतून त्याचे न वापरलेले संवाद काढले, आवाजासकट. त्याची मोठी क्वेस्ट, म्हणजे खेळायची उपकथा, ठरली होती. त्याच्या जमातीच्या मोठ्या तांड्याचं काय झालं हे तो शोधणार, ते कळल्यावर खचणार आणि वेडाच्या ज्वाळेकडे वळणार. यू-ट्यूबवर त्या संवादांखाली लोकांनी नुसता गळा काढलाय.

आता गेममध्ये काय ठेवलंय ते बघा. व्यापाऱ्याच्या कपड्यांच्या वर्णनात मोजून तीनचार ओळी: यांचा मोठा तांडा होता, पाखंडाचा आळ आला, सगळ्यांना गोळा करून जमिनीखाली जिवंत पुरलं, त्यांनी शाप उच्चारला आणि ती ज्वाळा आली. बस. मग साठेक तासांनी तुम्ही लेंडेल या राजधानीच्या गटारात उतरता, त्याखालच्या चर्चमध्ये, त्याच्याही खाली. भिंतीमागे वाट उघडते आणि खाली प्रेतांचा खच. मी आधी नुसती उड्या मारत खाली निघाले होते. मग कपडे ओळखीचे वाटले. हे सगळे केलेसारखेच होते.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी हातातला कंट्रोलर खाली ठेवला. क्वेस्ट असती तर केलेनेच आधी रडून सगळं सांगून टाकलं असतं, आणि मी खाली पोचले असते ती नकाशावरची खूण पुसायला. कापलं म्हणून जमलं.

गढीवरचा दिवा

हा मुद्दा लागला. पण पोफळीताई, तिथे कापल्यावर जागा सारवून घेतलीय. रिफ्टनमध्ये खड्डा तसाच ठेवून वर पाटी लावलीय "इथे लढाई झाली".

लोणचंवाला

तुम्ही सगळे फार सज्जन आहात. मेमरी, वेळ, कला! सरळ सांगा ना, कापायचं आणि मग डबीत भरून विकायचं.

ड्रॅगन एज: ओरिजिन्स, २००९. (ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळं फिरता येणारं जग, नाही, माहितीय, कुणी दुरुस्ती करायला येऊ नका.) दिवसभर राक्षस मारून तुम्ही तळावर परतता. तिथे लेव्ही ड्रायडन नावाचा इसम उभा. आमच्या घराण्याची अब्रू गेलीय, सोल्जर्स पीकला चला, मदत करा म्हणतो. तुम्ही हो म्हणता, तर तो गेमच्या आतून विकत घ्या म्हणतो! जग बुडायला आलंय आणि हा पावतीपुस्तक घेऊन उभा. गणपतीची वर्गणी बरी, तिथे निदान प्रसाद मिळतो.

आणि त्याच गेममधला शेल, तो दगडी सोबती. मूळ गेमसाठीच ठरलेला. कापला आणि पहिल्याच दिवशी डीएलसी, म्हणजे वेगळी उतरवून घ्यायची पुरवणी.

नाचणीसत्व

लोणचंवाले, अर्धंच सांगताय. शेलचं काम वेळेत होईना म्हणून वगळला होता. मग गेमची तारीख पुढे गेली, मध्ये सवड मिळाली, म्हणून पूर्ण झाला. आणि नवीन प्रत घेणाऱ्याला तो फुकट होता.

लेव्हीचा बचाव मात्र मी करणार नाही. तो इसम डोक्यात जातो.

लोणचंवाला

नवीन प्रत घेणाऱ्याला फुकट! आणि आम्ही सेकंड हँड घेणाऱ्यांनी काय पाप केलं होतं?

सातवी ब

उलटंही घडतं की. स्कायरिम संपल्यावर बेथेस्डाने टीमला आठवडाभर हवं ते करायची मुभा दिली होती. त्यातून जे निघालं ते गेमचा दिग्दर्शक टॉड हॉवर्डने २०१२ च्या डाइस या गेमवाल्यांच्या परिषदेत दाखवलं: भाले, ऋतूप्रमाणे बदलणारी झाडं, घोड्यावरून लढाई, स्वतःचं घर बांधणं, ड्रॅगनवर स्वारी. घोड्यावरची लढाई फुकट पॅचमध्ये (अपडेटमध्ये) आली, घर हार्थफायर या पुरवणीत, ड्रॅगनची स्वारी ड्रॅगनबॉर्न या पुरवणीत (तिला स्वारी म्हणायचं धाडस मी करतोय, लगाम ड्रॅगनच्याच हातात). भाले नाही आले. आता भाले "कापले" म्हणायचे का? जे कधी गेममध्ये नव्हतंच त्याच्यासाठी आपण सुतक पाळतो.

वाघनखी

दिव्याचा सारवण्याचा मुद्दा पुढे नेतो. बेथेस्डाच्याच मोरोविंड या आधीच्या गेमचा मूळ बेत अख्ख्या प्रांताचा होता, आणि पाचही मोठ्या घराण्यांत सामील होता येणार होतं. झेपेना, म्हणून व्वार्डेनफेल हे एकच बेट ठेवलं आणि घराणी तीन: रेडोरान, ह्लालू, तेल्वानी. २००२ मध्ये गेम आला तेव्हा आम्हाला कुठे काही कमी वाटलं? इंडोरिल आणि ड्रेस यांच्या जमिनी मुख्य भूमीवर, समुद्रापलीकडे. आपण बेटावर. विषय संपला. उलट बेट असल्यामुळेच ते जग एवढं घट्ट वाटतं, राखेची वादळं आणि मधोमध तो डोंगर.

आणि ज्यांना उरलेला प्रांत हवाच होता ते कुढत बसले नाहीत. टॅमरिएल रीबिल्ट या मॉडची मंडळी वीस वर्षांहून जास्त काळ ती मुख्य भूमी बांधतायत, फुकट, अजून पूर्ण नाही. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासापेक्षा तरी बरा वेग आहे.

उलट उदाहरण विचर ३ या गेमचं. विचर २ मध्ये तुम्ही इओरवेथची बाजू घेतली की रोशची, यावर अर्धा गेम बदलायचा. तिसऱ्या भागात रोश आहे. इओरवेथ? ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळात, एका पत्त्यावरच्या चित्रात. त्याची कथा ठरली होती, कापली गेली. पण कुणी पात्र साधं विचारतसुद्धा नाही, "तो एक डोळ्याचा एल्फ कुठे गेला?" मित्र गावाहून गायब झालाय आणि पारावर कुणी नावही काढत नाही, तसं वाटतं. मला तो गेम अतिशय आवडतो आणि तरी हे टोचतं.

पोफळी

+१. एक ओळ पुरली असती. "उत्तरेला गेला म्हणे." झालं.

मधली सुट्टी

अवांतर: संगीत नाटकं एके काळी रात्रभर चालायची, पहाटे लोक घरी. आता तीन तासांत बसवतात. आजोबा प्रत्येक प्रयोगाहून येऊन कोणती पदं गाळली त्याची यादी म्हणायचे, तीही चालीसकट. आम्हाला मात्र तीन तासही जास्त व्हायचे. हा धागा वाचून आजोबांची आठवण आली, दिवेभाऊ.

गढीवरचा दिवा

म्हणजे मी आजोबा. चालेल.

कोरडी भाकर

इतका वेळ नुसता वाचत होतो. मी काही वर्षं मोबाइल गेमच्या कामात होतो, कंपनीचं नाव सांगत नाही, तुम्हाला ठाऊक असायचं कारणही नाही. फँटसी गेम होता, छोटा.

"फाइलींत सापडलं म्हणजे मुद्दाम लपवलं" असं इथे अधूनमधून येतं म्हणून लिहितो. आमच्या गेममध्ये एक होडीवाला होता. तो नदीपलीकडे नेणार होता. पलीकडचा भाग कापला, मग होडीवाला कशाला? काढून टाका असं ठरलं. मी काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली तीन पात्रं मुकी. बोलायला गेलं की नुसती उभी. कारण त्या तिघांच्या स्क्रिप्टमध्ये कुठेतरी "होडीवाला भेटला का" अशी तपासणी होती, आणि होडीवालाच नाही म्हटल्यावर सगळं तिथेच अडकायचं. एक दुरुस्त केली तर चौथं पात्र बिघडलं. हाताशी चार दिवस.

शेवटी होडीवाल्याला परत आणला आणि उचलून नकाशाच्या खाली, जमिनीच्या आत नेऊन ठेवला. तिन्ही पात्रं बोलायला लागली. घाटावरची पाटी मात्र काढायची राहिली, "होडी सकाळी सुटेल" अशी. खेळणारे त्या पाटीपाशी तासन् तास थांबायचे. एकाने लिहिलं होतं, मी खऱ्या सकाळी सहाचा गजर लावून उठून बघितलं, होडी आली नाही.

दिव्याला जे टोचतंय ते मला कळतं. पण स्कायरिमएवढ्या गेममध्ये असे होडीवाले किती असतील आणि त्यातल्या एकाला हलवलं तर कोण कोण मुकं होईल, या विचाराने मला अजून धडकी भरते. मी असतो तर २०१६ मध्ये ग्रीनवॉलला हात लावला नसता.

लोणचंवाला

आणि पाटी? पाटी का नाही काढली नंतर? पॅच तर निघाले असतील.

कोरडी भाकर

दोन निघाले. दोन्ही वेळा यादीत होती. दोन्ही वेळा तिच्यावर काहीतरी जास्त महत्त्वाचं आलं. यादीत खालून दुसरी असायची.

गढीवरचा दिवा

बरं, कर्तव्य हा शब्द मागे घेतो. पण तिसऱ्यांदा पैसे घेताना पाटी काढायचं तरी बघा, इतकं म्हणणं ठेवतो.

नाचणीसत्व

एवढंच म्हणायचं होतं तर सुरुवातीलाच म्हणायचं ना. माझे चार प्रतिसाद कापता आले असते.

सातवी ब

@कोरडी भाकर, तो होडीवाला अजून आहे का खाली?

कोरडी भाकर

गेम स्टोअरवरून गेला, पण माझ्या जुन्या फोनवर आहे. मध्ये एकदा कॅमेरा जमिनीखाली घालून बघितलं होतं. उभा आहे. दर काही सेकंदांनी नदीच्या दिशेने बघतो, ती हालचाल मीच लावली होती.