८११ ची स्लरी खरवसासारखी गोठली, काय चुकलं?

काळीपावडर_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. एमएस्सी प्रोजेक्टसाठी लिथियम बॅटरीचं कॅथोड (धन टोक) बनवतोय, एनएमसी ८११ चं, म्हणजे निकेल, मँगनीज, कोबाल्ट ८:१:१ असलेलं लिथियम ऑक्साइड. वजनाने पावडर ८० टक्के, कार्बन ब्लॅक १०, पीव्हीडीएफ (बाइंडर, म्हणजे कण चिकटवून धरणारं पॉलिमर) १०, सॉल्व्हंट एनएमपी, नेहमीचंच. उन्हाळ्यात याच मापाने १११ ची (तिन्ही धातू सारखे) स्लरी, म्हणजे फॉइलवर लावायचा लेप, केली होती, अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर काजळासारखी पसरली. काल ८११ ची स्टररवर ठेवून चहाला गेलो आणि येऊन बघतो तर मॅग्नेट रुतून बसलेला, बीकर आडवा केला तरी आतला माल हलेना. वरून अजून एनएमपी घातलं तर नुसत्या गुठळ्या. सीनियर म्हणतात बाइंडर जास्त पडला, पण वजन मी दोनदा केलं होतं हो. बाहेर धो धो पाऊस चालू आहे, त्याचा काही संबंध?

कोटिंगवाला:
पावसाचाच संबंध, वजनाचा नाही. पावडरची बाटली कधी फोडली? निकेल जास्त असलेल्या ऑक्साइडच्या कणांवर थोडं लिथियम उरलेलं असतंच, ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं आणि वर हायड्रॉक्साइड-कार्बोनेटचा थर बसतो. म्हणजे अल्कली. ही अल्कली पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड काढते, साखळीत डबल बाँड येतात, साखळ्या एकमेकींत अडकतात, झाला खरवस. तो परत पातळ होत नाही, एनएमपी ओतणं थांबव, महाग आहे आणि अंगालाही वाईट.
खात्री करायचीय? चिमूटभर पावडर डिस्टिल्ड पाण्यात हलव, गाळ, पीएच बघ.

काळीपावडर_कोल्हापूर:
बघतो. पण १११ ला असं का नाही झालं? आणि एनएमपी सोडून पाण्यात सीएमसी (सेल्युलोजचा) बाइंडर घेऊ का?

भट्टीकाका:
१११ मध्ये निकेल बहुतेक +२ अवस्थेत (ऑक्सिडेशन स्टेट) असतं, सुखात. ८११ मध्ये ते +३ ला न्यावं लागतं आणि भट्टी जास्त तापली की ते परत +२ ला पळतं. +२ निकेलचा आकार लिथियमच्या जवळपास, त्यामुळे लिथियमच्या थरात जाऊन ठाण मांडतं. म्हणून ८११ ऑक्सिजनमध्ये, जरा कमी आचेवर भाजतात, वर लिथियमही थोडं जास्तच घालतात, ते शिल्लक राहतं ते तुला नडलं. घराणं एकच, १९८० मध्ये ऑक्सफर्डला गुडइनफ आणि मिझुशिमा यांनी दाखवलेल्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचं. पण कोबाल्टवाल्यातून ग्रॅमला १४० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे साठवता येणारा विद्युतभार) मिळतात, ८११ तून १९०-२००, शिवाय कोबाल्ट महाग आणि निम्म्याहून जास्त काँगोतून येणारं, म्हणून सगळे निकेलमागे. नखरे सोसायचे.
पाण्याच्या वाटेला जाऊ नकोस बाबा. कणातलं लिथियम पाण्यात उतरतं, त्या पीएचला फॉइल खाल्ली जाते, हायड्रोजनचे बुडबुडे येऊन कोटिंगला भोकं पडतात. एलएफपीला (लिथियम आयर्न फॉस्फेट) पाणी चालतं, याला नाही.

काळीपावडर_कोल्हापूर:
पीएच पेपर पार निळाजांभळा झाला, १२ च्या आसपास 😅 बाटली मार्चमध्ये फोडलेली, झाकणाला नुसती पॅराफिल्म. व्हॅक्यूम ओव्हनला १२० वर रात्रभर ठेवली तर वाचेल?

कोटिंगवाला:
पाणी जाईल, कार्बोनेट नाही जाणार, त्याला एवढी आच पुरत नाही. नवीन मागव. आली की ग्लोव्ह बॉक्समध्येच (कोरड्या, हवाबंद पेटीत) छोट्या कुप्यांत वाटून ठेव आणि एका वेळी एकच फोड. पीव्हीडीएफ मात्र आधी सुकव, तोही ओला असणार या दिवसांत.

काळीपावडर_कोल्हापूर:
सरांना अजून सांगितलं नाहीये. उद्या सकाळी बघू, मूड बघून.