ढाक्याच्या फोटोतले मागचे चेहरे
ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, त्या वेळच्या प्रसिद्ध फोटोत तेव्हाचे भारतीय लष्करप्रमुख माणेकशॉ कुठे आहेत, असं एकाने विचारलंय. ते त्यात नाहीतच, ते दिल्लीत होते. १६ डिसेंबर १९७१ ला रमणा रेसकोर्सवर टेबलाशी बसलेत ते भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे प्रमुख जगजितसिंग अरोरा आणि शरणागतीवर सही करणारे पाकिस्तानी सेनापती नियाझी. पण माझी नजर दरवेळी मागच्या रांगेकडे जाते. डावीकडून नौदलाचे कृष्णन, हवाई दलाचे दिवाण, मग लष्कराचे सगतसिंग आणि जेकब. जेकब यांच्या खांद्यावरून एक तरुण अधिकारी मान उंचावून बघतोय, त्याला कार्यक्रम चुकवायचाच नाहीये!

यातले सगतसिंग महाराष्ट्र-गोव्याच्या लोकांनी तरी ओळखायलाच हवेत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी पणजीत सर्वांत आधी पोचली ती त्यांचीच ५० वी पॅराशूट ब्रिगेड. दहा वर्षांनी आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवल्यावर याच माणसाने हेलिकॉप्टरांतून मेघना नदीपलीकडे सैन्य उतरवलं आणि ढाक्याची वाट मोकळी केली. इतकं करूनही फोटोखालच्या ओळीत बहुतेक ठिकाणी फक्त अरोरा आणि नियाझी ही दोनच नावं छापतात, याचं मला फार वाईट वाटतं.