जुन्या छापील पुस्तकांची सुटी चित्रपानं विकत घ्यावीत का?

दौतटाक (मूळ धागा)

माझं मत आधीच सांगतो: घेऊ नयेत. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या सचित्र पुस्तकांची एकेक पानं ऑनलाइन लिलावांत विकली जातात, आणि आपल्याकडचे काही हौशी संग्राहकही ती मागवतात. यात न्यूरेंबर्ग क्रॉनिकलची पानं सर्रास दिसतात, म्हणून त्याच्यावरच बोलतो.

हार्टमान शेडेल या डॉक्टरने रचलेला हा जगाचा इतिहास. आंतोन कोबेर्गरने तो १४९३ मध्ये न्यूरेंबर्गला छापला, जुलैत लॅटिनमध्ये, डिसेंबरात जर्मनमध्ये. चित्रं मिखाएल वोल्गेमुट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या कारखान्यातली. चित्रं १,८०९, पण त्यासाठी कोरलेले लाकडी ठसे ६४५. शहराचा एक ठसा माइन्झ म्हणून येतो, तोच पुढे नेपल्स, तोच बोलोन्या. राजे, पोप, तत्त्ववेत्ते यांचे चेहरेही असेच फिरून फिरून भेटतात. त्या काळी चित्राकडून वाचकाची अपेक्षा काय होती, हे यातून कळतं. पण पुस्तक चाळलं तरच. चौकटीतल्या एका पानासमोर उभा राहणारा माणूस ते खरंखुरं नेपल्स समजून पुढे जाईल.

शेवटाकडे, ख्रिस्ती कल्पनेनुसार जगाच्या अंती होणाऱ्या अंतिम निवाड्याच्या आधी, काही पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत. पुढच्या घटना वाचकाने स्वतः लिहाव्यात म्हणून. पुस्तक सुटं केल्यावर त्या कोऱ्या पानांना गिऱ्हाईक कुठून मिळणार?

अखंड प्रतीला एकच खरेदीदार लागतो आणि तो गडगंज असावा लागतो. तीनशेहून अधिक पानं सुटी केली की छोटे खरेदीदार पुष्कळ. पुस्तकांवर सुरी चालते ती या हिशेबामुळे, आणि आपण पैसे देतो तेव्हा त्या हिशेबात सामील होतो.

रेखावेडा

दौतटाक, तुम्ही धडधाकट प्रती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. बाजारात येणाऱ्या कितीतरी प्रती आधीच अपुऱ्या असतात. पाण्याने भिजलेल्या, कसरीने खाल्लेल्या, अर्धी पानं गेलेल्या. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या गेब्रिएल वेल्सने गुटेनबर्ग बायबलची (युरोपातल्या छपाईच्या आरंभीच्या पुस्तकाची) एक अपुरी प्रत सुटी करून पानं विकली. त्यामुळे अनेक ग्रंथालयांना गुटेनबर्गचं निदान एक तरी पान मिळालं.

पुण्या-मुंबईतल्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याने १४९३ चं पुस्तक बघायचं कुठे? स्कॅन आहेत, मान्य. पण ठशाच्या दाबाने कागदात उमटलेला खड्डा बोटाला लागतो, चिंध्यांचा कागद उजेडासमोर धरला की जाळीच्या रेघा दिसतात. हे पडद्यावर शिकता येत नाही.

आणि फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण आठवा. १६१६ मध्ये गोव्यातल्या राचोलला छापलं, पुढे दोनदा पुन्हा निघालं. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही, आपली भिस्त हस्तलिखित नकलांवर. उद्या त्याचं एक सुटं पान सापडलं तर तुम्ही नको म्हणाल?

दौतटाक

नको कशाला म्हणेन? डोक्यावर घेऊन नाचेन. पण ते पान सर्वनाशातून वाचलेलं असेल, नफ्यासाठी कापलेलं नसेल. फरक तिथेच आहे. न्यूरेंबर्ग क्रॉनिकलच्या शेकडो प्रती आज जगभर आहेत, ते काही बुडत्या जहाजातून वाचवायचं पुस्तक नाही.

‘पुष्कळांना बघायला मिळावं’ हा युक्तिवाद जुना आहे. क्लीव्हलंडचा कलाशिक्षक ओटो एगे याने १९३८ मध्ये आपण पुस्तकं फोडतो हे उघड लिहून त्याचं समर्थन याच मुद्द्यावर केलं होतं. त्याचा हेतू वाईट नव्हता, असं मलाही वाटतं. परिणाम बघा. बोव्हे मिसल हे चर्चमधल्या उपासनेचं, तेराव्या शतकातलं हस्तलिखित. १९२६ मध्ये ते लिलावात अखंड होतं, १९४२ मध्ये फोडलं गेलं, आणि काही पानं एगेच्या हातून पांगली. लिसा फेगन डेव्हिस या संशोधिकेने कित्येक वर्षं खपून शंभराहून अधिक पानांचा माग काढला, तोही फोटोंतून जुळवण्यापुरता. फोडायला किती वेळ लागला असेल?

ठसेकार

मी स्वतः लाकडात कोरतो, म्हणून थोडं कामाचं. तांब्याच्या पत्र्यात कोरलेलं चित्र वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या दाबाने छापावं लागतं. लाकडी ठशात पांढरं राहायचं तेवढं कोरून काढतात, रेघ उठून राहते. ती शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या उंचीची असते, म्हणून मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत आवळून एका दाबात निघतात. या पुस्तकात मजकूर चित्रांना वळसा घालून जातो, ही सगळी जुळणी आधी हाताने आखलेली होती. तेव्हा पानातून नुसतं चित्र कापून विकणाऱ्याला माझ्याकडून माफी नाही. अखंड पानाबद्दल मी रेखावेडा यांच्या बाजूने आहे.

घेणारच असाल तर रंगांपासून सावध राहा. मुळात नुसत्या काळ्या शाईत छापलेली पानं विक्रीसाठी आत्ता रंगवली जातात. जुना तांब्याचा हिरवा कागदाला खातो, मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटतो. ताजा रंग तसा वागत नाही. पानाच्या माथ्यावर ‘फोलियम’ असेल तर लॅटिन आवृत्ती, ‘ब्लाट’ असेल तर जर्मन.

पोथीघर

आपल्या पोथ्या मुळातच सुट्या पानांच्या, दोन फळ्यांत ठेवून रुमालात बांधलेल्या. त्यामुळे एखादं पान काढून घेणं आपल्याकडे फारच सोपं. पर्यटकांच्या बाजारात जुन्या फारसी-उर्दू कागदांवर नवे हत्ती-घोडे रंगवून ‘प्राचीन लघुचित्र’ म्हणून विकतात, तेव्हा खालचा मजकूर कुणी वाचला होता का हे कुणी विचारत नाही. माझा राग त्यावर जास्त आहे. युरोपातल्या पानांची निदान नोंद तरी होते.

रेखावेडा

पोथीघर ताई, पूर्ण सहमत. मला हवं आहे ते पान १२. त्यावर कुत्र्याच्या तोंडाची, एका पायाची, छातीत डोळे असलेली माणसं आहेत. त्यातली बरीच भारतात राहतात असं शेडेल प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाच्या आधाराने लिहितो. आपल्याबद्दल युरोप काय छापत होता, हे भारतात कुणाच्या तरी हाती असायला हवं. विक्रेत्याला विचारलंय की प्रत कधी सुटी झाली. लेखी उत्तर आलं तरच घेईन, आणि दोन्ही बाजूंचे फोटो सगळ्यांसाठी खुले ठेवीन.

दौतटाक

त्याच पानाच्या मागे जगाच्या नकाशाचा डावा अर्धा आहे. उजवा अर्धा पान १३ वर, आणि भारत त्या उजव्या बाजूला. म्हणजे हे पान एकटं आलं तर नकाशा मधोमध तुटलेला येणार. पान १३ कुठे गेलं, हेही विक्रेत्याला विचारा. लेखी उत्तर आलं तरी मी घेणार नाही, कारण आज दिलेली किंमत उद्याच्या प्रतीवर सुरी चालवायला पुरेशी असते. फोटो मात्र जरूर टाका, जलचिन्ह दिसेल असा मागून उजेड देऊन.