‘सर्वरोग निदान शिबिर’ : यातलं ‘निदान’ बरोबर आहे का?

शेवंता : आमच्या गावात दर वर्षी गणपतीच्या सुमारास ‘भव्य मोफत सर्वरोग निदान शिबिर’ भरतं. यंदा बॅनर आणि पत्रकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. काल लिहायला बसले आणि ‘निदान’पाशीच अडले. शिबिरात होतं काय? बीपी, बोट टोचून शुगर, वजन, बायकांची स्तनाची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी. ज्यांच्याबद्दल शंका येते त्यांना चिठ्ठी देऊन सिव्हिलला पाठवतात. म्हणजे निदान तिथे होणार, इथे नाही. मग याला सरळ ‘स्क्रीनिंग’ लिहू, की मराठी शब्द आहे?

कोरडवाहू : चाळणी! एमपीएससीची ‘चाळणी परीक्षा’ असते की. ती पास झालेल्याला कुणी तहसीलदार समजून हार घालत नाही, पुढची परीक्षा बाकी असते. इथंही तसंच. आणि भोकं केवढी ठेवायची ते माणूसच ठरवतो. बारीक ठेवली तर खड्यांबरोबर चांगला गहूही वर राहतो, मोठी ठेवली तर गव्हाबरोबर खडेही खाली. उपाशीपोटीच्या शुगरचंच घ्या. मधुमेहाची हद्द 1997 साली 140 वरून 126 वर आणली. 2003 मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने त्याआधीची पायरी 110 वरून 100 केली. कालपर्यंत ठणठणीत असलेली माणसं एका रात्रीत ‘बॉर्डरला’ आली.

भिंगवाला : चाळणीला माझं मत. लॅबमध्ये आयुष्य गेलं, त्यावरून सांगतो, खरा घोळ ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा आहे. समजा हजार बायका तपासल्या आणि त्यांतल्या पाचजणींना खरोखर आजार आहे. तपासणी चांगली आहे, शंभरातले नव्वद रोगी पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी दहांवरच उगाच बोट ठेवते. ऐकायला छान वाटतं ना? आता मोजा. खऱ्या पाचांपैकी चार-पाच सापडल्या. उरलेल्या 995 मधून शंभरेक जणी विनाकारण अडकल्या. म्हणजे चिठ्ठी मिळालेल्या बावीस-तेवीस बायकांमागे एक आजारी. बाकीच्यांनी एसटीचं भाडं, बुडालेला रोज आणि बायॉप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत उडालेली झोप हे सगळं फुकट सोसलं. याला पुस्तकी मराठीत ‘मिथ्या सकारात्मक’ म्हणतात. कॅन्सरच्या रिपोर्टवर ‘सकारात्मक’! मी ‘हूल’ म्हणतो. तपासणीनं हूल दिली.

शेवंता : हूल फारच आवडला. मग ‘अतिनिदान’ म्हणजेही हूलच ना? एका लेखात वाचला हा शब्द.

मधली आळी : नाही हो ताई, इथेच गफलत होते. हूल उठते तेव्हा आजार नसतोच आणि पुढच्या तपासणीत ते उघड होतं. अतिनिदानात आजार खरा असतो, सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशी दिसतात. फक्त तो त्या माणसाला जन्मात कधी त्रास देणार नसतो.

दक्षिण कोरियाचं उदाहरण यासाठी नेहमी देतात. तिथे 1999 मध्ये सरकारी कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हतं, पण थोडे जास्त पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफीही करून देऊ लागले. 2011 पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण 1993 च्या पंधरापट झालं. एका वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोकांना ‘कॅन्सर आहे’ असं सांगितलं गेलं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथंच. साथ आली असती तर मरणंही वाढली असती. वाढली होती ती सोनोग्राफी. 2014 मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी जाहीरपणे विरोध केला आणि त्यानंतर ऑपरेशनं झपाट्यानं घटली.

कोरडवाहू : मग याला आमच्याकडे शब्द आहे, पोचट दाणा. वरून दाण्यासारखाच दिसतो, पेरला तर उगवत नाही. ‘पोचट निदान’.

मधली आळी : शब्द झकास, पण पोचट दाणा दाबून बघता येतो. इथे हातात आलेली गाठ पोचट की भरलेली, हे त्या एका माणसापुरतं छातीठोक सांगता येत नाही. हजारांच्या आकड्यांतून कळतं, एकट्या मावशीच्या गळ्यावरून नाही.

पेणची : मावशीचा गळा म्हणालात म्हणून लिहिते. माझ्या मावशीला साठीच्या वाढदिवसाला मुलानं ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज दिलं. तक्रार कसलीच नव्हती. गळ्यात बारीकशी गाठ निघाली, मग सुई, मग ऑपरेशन. आता रोज उठल्यावर अनशापोटी गोळी, आणि चहा अर्ध्या तासानं. पूर्वी डोळे उघडायच्या आत चहा लागायचा तिला. व्रण झाकायला पोत जरा वर घालते. भेटेल त्याला सांगते, ‘वेळेवर कळलं म्हणून वाचले.’ खरंही असेल. नसेलही. तिच्यासमोर ‘पोचट’ हा शब्द उच्चारायची माझी हिंमत नाही.

भिंगवाला : हे वाचून कुणी शिबिराकडे पाठ फिरवू नका. पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांत 1999 पासून तीसच्या पुढच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला, मुंबईचं टाटा आणि बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या विषाणूची, तपासणी एकदाच केलेल्या गटात त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. तुलनेसाठी ज्या बायकांची तपासणी केलीच नाही, त्यांच्यावर अन्याय झाला असा वादही पुढे झाला, तो गैर म्हणवत नाही. पण इथे एक फरक लक्षात घ्या. बहुतेक तपासण्यांनी रोग कळतो, टळत नाही. या तपासणीत कॅन्सर व्हायच्या आधीचा बिघाड सापडतो आणि तेवढाच भाग काढता येतो, त्यामुळे रोग टळतोही. म्हणून पत्रकात सगळ्यांना सरसकट ‘प्रतिबंधक’ लिहू नका. वजन करणं हा प्रतिबंध नव्हे.

मधली आळी : आणि चिठ्ठीनंतर काय, तेही लिहा. जागतिक आरोग्य संघटनेनं 1968 मध्ये स्क्रीनिंगची दहा तत्त्वं छापली, त्यांत पुढच्या निदानाची आणि उपचारांची सोय हवी हे स्पष्ट आहे. आपल्याकडे मांडव सुटला की विषय संपला.

शेवंता : सगळ्यांचे आभार. आत्ताच मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला होता. ‘आरोग्य चाळणी शिबिर’ म्हटल्यावर ते दचकलेच. म्हणाले, ‘ताई, गोळ्या लागून देहाची चाळणी होते. कोण येईल?’ ‘तपासणी शिबिर’वर कसेबसे तयार झालेत, पण ‘सर्वरोग’ हवंच म्हणतात, त्याशिवाय बॅनर भरत नाही. चिठ्ठी मिळाली म्हणजे आजार आहेच असं नाही, ही ओळ पत्रकात खाली घालते आहे.

कोरडवाहू : ओळ वर घाला, खालचं कुणी वाचत नाही. बॅनर भरायला मान्यवरांचे फोटो आहेत की. निदान ‘सर्वरोग’ तरी काढायला लावा.