बदलीला कायदा आहे, टेबलाला नाही

बारनिशी: सरकारी कार्यालयातील राजकारणाची चर्चा नेहमी बदल्यांपाशीच अडते. वास्तविक महाराष्ट्रात बदल्यांसाठी 2005 चा अधिनियम आहे: एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षे, बदल्या एप्रिल-मेमध्ये, आणि मुदतीपूर्वी हलवायचे तर लेखी कारण व वरिष्ठांची पूर्वमान्यता. त्याच कार्यालयातले टेबल, म्हणजे नेमून दिलेले काम, बदलायला मात्र एका ओळीचा आदेश पुरतो. जमिनीच्या प्रकरणांची खडान्‌खडा माहिती असलेल्या आमच्या एका सहकाऱ्याने साहेबांच्या मर्जीतल्या माणसाच्या प्रस्तावावर प्रतिकूल टिपणी लिहिली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे आवक-जावक, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांची नोंद, आली. आता तो पावणेदहाला येतो, क्रमांक टाकतो, सव्वासहाला निघतो. कोणी सल्ला विचारलाच तर 'नियमानुसार कार्यवाही व्हावी' एवढेच म्हणतो. त्याचे पाहून इतरांनीही स्पष्ट अभिप्राय लिहिणे सोडले, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

निवृत्त नायब: असहमत. जमिनीच्या टेबलावर वर्षानुवर्षे बसलेला माणूस जाणकार होतो, तसाच त्या टेबलाचा वतनदारही होतो. टेबल फिरवणे हा भ्रष्टाचारावरचा जुना उतारा आहे आणि काम टाळणाऱ्यांना 'राजकारण' हे आयतेच निमित्त मिळते. अन्याय झालाच तर दाद मागता येते. देव दत्त या कर्मचाऱ्याच्या प्रकरणात (2008) गोपनीय अहवालातला, म्हणजे वरिष्ठांनी कामाबद्दल लिहिलेल्या वार्षिक अहवालातला, शेरा 'चांगला' असाच होता, पण पदोन्नतीला 'अतिशय चांगला' हवा होता. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवले.

बारनिशी: नोंद कळते हो, पण तिच्याविरुद्ध अर्ज केल्यावर दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज त्याच साहेबांपुढे ठेवायचा असतो.

सजेवरची: टेबल फिरावे, हे नायबसाहेबांचे म्हणणे मला पटते. परंतु सुब्रमणियन प्रकरणात (2013) सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवावेत, असे बजावले. मग टेबल काढून घेण्याचे कारण लिहायला संकोच का? आमच्याकडील आदेशांत 'प्रशासकीय कारणास्तव' हे दोनच शब्द असतात.

निवृत्त नायब: ते दोन शब्द मीही पुष्कळदा लिहिले आहेत, आणि त्यांतल्या एक-दोन वेळा कारण प्रशासकीय नव्हते, हे मान्य करतो. तरीही टेबल फिरलेच पाहिजे. कारण लिहिण्याला माझी हरकत नाही.